रक्तातील जड धातू आणि जठराचा कर्करोग : मावळ खोऱ्याच्या संदर्भात

सह्याद्रीच्या माथ्यावरील लोणावळ्यापासून पूर्वेला तळेगाव दाभाड्यापर्यंत पसरलेला मावळ हा पाण्याचा प्रदेश होय. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाकाठी सुमारे साडेचार हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडे जावे तसतसे त्याचे प्रमाण झपाट्याने उतरत जाते. लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावलेली इंद्रायणी कामशेत, देहू, आळंदी अशी वाटचाल करीत तुळापूरला भीमेस मिळते. पवन मावळातून निघालेली पवना धरणात विसावून पुढे पिंपरी-चिंचवडची तहान भागविते. वळवण, लोणावळा आणि शिरवटा येथील तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ पासून मुंबईला वीज पुरवीत आले आहे. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांतील भातखाचरे याच पाण्यावर पोसली जातात.

याच प्रदेशातून मुंबई-पुणे महामार्ग व लोहमार्ग जातात. तळेगाव, नवलाख उंबरे, टाकवे, उर्से या भागांत गेल्या काही दशकांत कारखानदारी वाढली आहे. त्यामुळे पाण्यातील आणि रक्तातील जड धातूंमुळे कर्करोग होतो काय, विशेषतः जठराचा कर्करोग होतो काय, हा प्रश्न गावोगावी विचारला जाऊ लागला आहे. प्रश्न रास्त आहे. परंतु भीतीपोटी दिलेले उत्तर जितके घातक, तितकेच निष्काळजीपणे दिलेले उत्तरही घातक ठरते. म्हणून या विषयात शास्त्राला निश्चितपणे काय ठाऊक आहे आणि त्यातून मावळातील शेतकरी, कामगार व गृहिणी यांनी कोणता बोध घ्यावयाचा, याचा क्रमाने विचार करणे उपयुक्त ठरेल.

उपकारक धातू आणि अपकारक धातू

सर्वच धातू शरीराचे वैरी नाहीत. रक्तातील लोह प्राणवायू वाहून नेते. जस्त आणि तांबे यांवाचून शरीरातील अनेक क्रिया अडून राहतात. मात्र शिसे, कॅडमियम आणि पारा यांचे मानवी शरीरात काहीही काम नाही. सोमल म्हणजे आर्सेनिक हे काटेकोर अर्थाने धातू नसले, तरी त्याची गणना याच गटात करण्याचा प्रघात आहे. क्रोमियमची गोष्ट निराळी आहे. त्याचे त्रिसंयुजी रूप बरेचसे निरुपद्रवी असते, तर षट्संयुजी रूप अत्यंत विषारी असते. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात आणि त्यापासून झालेल्या मातीत क्रोमियम निसर्गतःच असते. पण ते प्रामुख्याने त्रिसंयुजी रूपात घट्ट बांधलेले असते. विद्युत विलेपनाच्या म्हणजे प्लेटिंगच्या हौदात वापरले जाणारे क्रोमियम षट्संयुजी असते. केवळ ‘क्रोमियम सापडले’ एवढ्या वार्तेवरून घाबरून जाणे किंवा निर्धास्त होणे, दोन्ही चुकीचे होय. ते कोणत्या रूपात सापडले, हे विचारले पाहिजे.

भारतीय मानक ब्यूरोने पिण्याच्या पाण्यासाठी ठरविलेल्या २०१२ च्या मानकानुसार एक लिटर पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम, पारा ०.००१ मिलिग्रॅम, निकेल ०.०२ मिलिग्रॅम आणि एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅम यांहून अधिक असता कामा नये. या मर्यादा इतक्या सूक्ष्म आहेत की, त्या ओलांडल्या गेल्या तरी पाण्याचा रंग, वास वा चव बदलेलच असे नाही. डोळ्यांना निर्मळ दिसणारे पाणी निर्दोष असतेच, हा समज म्हणूनच सोडून द्यावा लागतो.

रक्त काय सांगते?

रक्ततपासणी हा धातूंच्या अभ्यासातील महत्त्वाचा पुरावा आहे, परंतु त्याचे वाचन जाणकारीने करावे लागते. शरीरात शिरलेले शिसे रक्तात साधारणतः महिनाभरात निम्म्यावर येते. ते सर्वच शरीराबाहेर जाते असे नाही. त्याचा मोठा वाटा हाडांत जाऊन बसतो. प्रौढ माणसाच्या शरीरातील शिशाचा नव्वद टक्क्यांहून अधिक साठा हाडांत असतो आणि तेथे तो दशकानुदशके राहतो. कॅडमियम मूत्रपिंडात साठते. ते निम्मे होण्यास दहा ते तीस वर्षे लागतात. म्हणून रक्तातील कॅडमियम अलीकडच्या काही महिन्यांची कथा सांगते, तर आयुष्यभराचा साठा जाणण्यासाठी लघवीची तपासणी अधिक उपयोगी पडते.

रक्तातील शिसे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या परिमाणात मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत असे सांगितले आहे की, हे प्रमाण ५ किंवा त्याहून अधिक आढळल्यास शिसे कोठून येते ते शोधून तो मार्ग बंद करावा. ही रेषा कृतीसाठी आखलेली आहे. तिच्या खाली सर्व काही सुरक्षित आहे असा तिचा अर्थ नाही, कारण शिशाची निर्धोक मात्रा अशी कोणतीही ठरलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील प्रत्येक तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात या रेषेइतके वा अधिक शिसे असल्याचा अंदाज मांडला होता. लहान मुलांत शिशाचा पहिला आघात मेंदूच्या वाढीवर होतो. कर्करोगाची चर्चा करताना ही अधिक निकटची हानी नजरेआड होता कामा नये.

जठराचा कर्करोग : मुख्य कारण कोणते?

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी जगात जठराच्या कर्करोगाचे सुमारे ९ लाख ७० हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ६ लाख ६० हजार रुग्ण दगावले. नव्या रुग्णांच्या संख्येनुसार सर्व कर्करोगांत त्याचा पाचवा क्रमांक लागतो. भारतात या रोगाचे प्रमाण मिझोराममध्ये सर्वाधिक आहे. महाराष्ट्रात तोंडाचा आणि स्तनाचा कर्करोग यांच्या मानाने तो पुष्कळ कमी आढळतो. ही माहिती आपल्याला मिळते ती कर्करोग नोंदणीमुळे. देशातील पहिली लोकसंख्याधारित नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली, तर ग्रामीण भागातील पहिली नोंदणी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली सुरू झाली. रोगाचा ठावठिकाणा लावण्याच्या कामात महाराष्ट्राने बजावलेली ही कामगिरी मोलाची आहे.

जठराच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण धातू नसून एक जीवाणू आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ साली जठरातील ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जीवाणूची प्रयोगशाळेत वाढ करण्यात यश मिळविले. मार्शल यांनी १९८४ साली या जीवाणूंचे मिश्रण स्वतः पिऊन त्यापासून जठराचा दाह होतो हे दाखवून दिले. या दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली या जीवाणूचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला.

हा जीवाणू बहुधा बालपणीच शरीरात शिरतो आणि उपचार न झाल्यास जन्मभर ठाण मांडतो. कोलंबियात जन्मलेले विकृतिशास्त्रज्ञ पेलायो कोरेआ यांनी १९७५ साली या रोगाची पायरीपायरीने होणारी वाटचाल मांडली. आधी दीर्घकाळचा दाह, मग जठराच्या अस्तराचा क्षय, नंतर त्या अस्तराचे आतड्याच्या अस्तरासारखे रूपांतर, पुढे पेशींतील विकृती आणि शेवटी कर्करोग, अशा त्या पायऱ्या होत. या प्रवासाला अनेक दशके लागतात. जीवाणू बाळगणाऱ्या बहुसंख्य लोकांना कर्करोग कधीच होत नाही. भारतात हा संसर्ग सर्रास आढळतो, तरी जठराचा कर्करोग त्या मानाने कमी आहे, हे शास्त्रज्ञांना पडलेले एक कोडेच आहे. याचा अर्थ असा की, जीवाणूच्या जोडीला आणखी काही कारणे असली पाहिजेत. खारवलेले अन्न आणि तंबाखू ही त्यांपैकी सिद्ध झालेली कारणे. जड धातूंचा प्रश्न उपस्थित होतो तो याच ठिकाणी.

शिशाविरुद्धचा पुरावा

सर्व जड धातूंत जठराच्या कर्करोगाशी अधिक स्पष्टपणे जोडला गेलेला धातू म्हणजे शिसे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शिशाच्या असेंद्रिय संयुगांना ‘बहुधा कर्करोगजनक’ या गटात स्थान दिले. त्यासाठी बॅटरी कारखान्यांतील व शिसे वितळविणाऱ्या भट्ट्यांतील कामगारांच्या सहा दीर्घकालीन पाहण्या विचारात घेण्यात आल्या. ब्रिटन, अमेरिका, इटली व स्वीडन या देशांतील या कामगारांच्या अंगात शिसे मोठ्या प्रमाणात गेलेले होते. सहांपैकी पाच पाहण्यांत सर्वसाधारण जनतेच्या तुलनेत जठराचा कर्करोग तीस ते पन्नास टक्क्यांनी अधिक आढळला.

हा पुरावा दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण तो पूर्णही नाही. त्या कामगारांचा आहार, त्यांची आर्थिक स्थिती आणि जठरातील जीवाणूचा संसर्ग यांचा हिशेब त्या पाहण्यांत घेता आला नव्हता. म्हणूनच संस्थेने या पुराव्याला ‘मर्यादित’ असे संबोधिले. शिवाय जो रोग मुळात कमी आढळतो, त्यात तीस-पन्नास टक्के वाढ झाली तरी एका व्यक्तीच्या वाट्याला येणारा धोका लहानच राहतो. धोका वाढणे आणि रोग होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानी ठेवावयास हवे.

शिसे कर्करोगास कसे साहाय्यभूत होत असावे? पेशीतील आनुवंशिक द्रव्याला रोज बारीकसारीक इजा होत असते आणि शरीर तिची दुरुस्ती करीत असते. शिसे व कॅडमियम हे त्या दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेतच अडथळा आणतात. जीवाणूमुळे दाह पेटलेल्या जठरात इजा अधिक होते आणि धातूमुळे दुरुस्ती कमी होते. असे दोन्ही बाजूंनी नुकसान संभवते.

पिवळ्या विहिरींची कथा

षट्संयुजी क्रोमियम श्वासावाटे गेल्यास फुफ्फुसाचा कर्करोग होतो, हे निर्विवाद आहे. ते पाण्यातून पोटात गेले तर काय होते, याविषयी चीनमधील एक प्रकरण उद्बोधक आहे. लिआओनिंग प्रांतातील जिनझौ शहराजवळच्या एका मिश्रधातूच्या कारखान्यातून झिरपलेल्या क्रोमियममुळे १९६० च्या दशकात आसपासच्या पाच खेड्यांतील विहिरींचे पाणी पिवळे झाले. तेथील डॉक्टरांनी १९८७ साली या खेड्यांतील वाढत्या कर्करोगाकडे लक्ष वेधले. १९९७ साली त्याच माहितीच्या आधारे पाण्याचा दोष नसल्याचे सांगणारा लेख प्रसिद्ध झाला. परंतु त्यामागील हितसंबंध जाहीर न केल्याच्या कारणावरून संबंधित नियतकालिकाने २००६ साली तो मागे घेतला. २००८ साली झालेल्या फेरमांडणीत त्या खेड्यांत जठराच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक असल्याचे दिसून आले. त्यानंतर दुसऱ्या गटाने निराळी तुलना करून या निष्कर्षावर आक्षेप घेतला.

त्याच २००८ साली अमेरिकेतील शासकीय प्रयोगांत असे आढळले की, असे पाणी दोन वर्षे पाजलेल्या उंदरांना लहान आतड्याचे व मोठ्या जातीच्या उंदरांना तोंडाचे अर्बुद झाले. मानवी जठरातील आम्ल षट्संयुजी क्रोमियमचे बऱ्याच अंशी त्रिसंयुजी रूपात परिवर्तन करते, ही निसर्गाने दिलेली एक ढालच होय. मात्र मात्रा वाढली की ही ढाल अपुरी पडते. या कथेचा बोध उघड आहे. प्लेटिंगचे सांडपाणी ज्या गावाच्या विहिरीत झिरपते, त्या गावाने अंतिम निष्कर्षाची वाट पाहत तेच पाणी पीत राहण्याचे काहीच कारण नाही.

कॅडमियम, भात आणि तंबाखू

मावळ हा भाताचा मुलूख. आंबेमोहोराची इथली कीर्ती जुनी आहे. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसारित झालेल्या ‘इंद्रायणी’ वाणाने तर राज्यभर घरोघरी स्थान मिळविले. भात आणि धातू यांचे नाते समजून घेणे या प्रदेशास म्हणूनच अगत्याचे आहे.

जपानमधील तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यावर पिकणाऱ्या भातात खाणीतून आलेले कॅडमियम उतरले. तो भात वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची, विशेषतः प्रौढ स्त्रियांची, मूत्रपिंडे निकामी झाली आणि हाडे इतकी ठिसूळ झाली की नुसत्या हालचालीने मोडू लागली. वेदनेने विव्हळणाऱ्या रुग्णांच्या उद्गारावरून या व्याधीला ‘इताई-इताई’ हे नाव पडले. जपान शासनाने १९६८ साली प्रदूषणजन्य रोग म्हणून तिला मान्यता दिली. कॅडमियमला १९९३ साली निश्चित कर्करोगजनकांत गणण्यात आले, परंतु तो निर्णय मुख्यतः फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या आधारे झाला. जठराच्या बाबतीत कॅडमियमविरुद्धचा पुरावा शिशाहूनही विरळ आहे.

भातखाचरातील रसायनशास्त्र मोठे विलक्षण आहे. खाचर पाण्याने भरलेले असताना मातीतील कॅडमियम गंधकाशी बांधले जाते आणि पिकात कमी उतरते. पण त्याच स्थितीत सोमल मोकळे होऊन दाण्यात अधिक जाते. पाणी काढून टाकले की नेमके उलट घडते. म्हणजे पाण्याच्या पाळ्या बदलून एका विषाला आवर घातला, तर दुसरे डोके वर काढते. खरा उपाय एकच, तो म्हणजे हे पदार्थ खाचरापर्यंत पोहोचूच न देणे. कारखान्याचे सांडपाणी, शहरातील मैलागाळ आणि हलक्या प्रतीच्या स्फुरदयुक्त खतांतील अशुद्धता हे कॅडमियम शेतात येण्याचे ज्ञात मार्ग आहेत. आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार सडलेल्या एक किलो तांदळात कॅडमियम ०.४ मिलिग्रॅम आणि असेंद्रिय सोमल ०.२ मिलिग्रॅम यांहून अधिक नसावे.

भातापेक्षाही निकटचा धोका तंबाखूचा आहे. तंबाखूचे पान जमिनीतील कॅडमियम उत्साहाने शोषून घेते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात कॅडमियमचे प्रमाण न ओढणाऱ्याच्या मानाने बहुधा दुपटीहून अधिक असते. धूम्रपानाने जठराचा कर्करोग होतो, हे तर स्वतंत्रपणे सिद्ध झालेले आहे. नदीच्या पाण्यातील धातूंची चिंता करीत पारावर बसून विडी ओढणे म्हणजे दाराला कडी लावून खिडकी सताड उघडी ठेवणे होय. ग्रामीण स्त्रियांतील मशेरीही तंबाखूच आहे, हेही सांगितले पाहिजे.

पुराव्याच्या वाटेतील खाचखळगे

एखाद्या रुग्णालयातील जठराच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांचे रक्त तपासले, शंभर निरोगी माणसांच्या रक्ताशी त्याची तुलना केली आणि रुग्णांच्या रक्तात शिसे अधिक आढळले, तर शिशानेच कर्करोग झाला असे म्हणता येईल काय? वरवर पाहता येईल असे वाटते. परंतु जठराच्या कर्करोगात माणूस खंगतो, अंथरुणाला खिळतो आणि त्याची हाडे झिजू लागतात. झिजणाऱ्या हाडांत साठलेले शिसे पुन्हा रक्तात उतरते. रक्तस्रावामुळे लोह कमी होते आणि लोहाची उणीव असलेले शरीर अन्नातील शिसे व कॅडमियम अधिक शोषून घेते. अशा वेळी धातू हे रोगाचे कारण नसून परिणाम असू शकतो. रुग्ण धूम्रपान करणारे असतील, तर कॅडमियम हा केवळ तंबाखूचा साक्षीदार ठरतो.

खरे उत्तर हवे असेल तर निरोगी असतानाच हजारो लोकांचे रक्त घेऊन जतन करावे लागते, पुढे कित्येक वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते आणि त्यांचा आहार, तंबाखू, व्यवसाय व जीवाणूसंसर्ग यांचीही नोंद ठेवावी लागते. त्यामुळे ‘रक्तात धातू सापडला, आता कर्करोग होणार’ असे भय दाखवून महागड्या तपासण्या किंवा ‘विष उतरविणारी’ औषधे विकणाऱ्यांपासून सावध राहणे इष्ट. धातू बाहेर काढणारी खरी औषधे शिशाची मात्रा फार वाढली असता रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच दिली जातात.

नदीचे मोजमाप

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ साली, म्हणजे केंद्रीय कायद्याच्या पाच वर्षे आधी केला आणि त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ अस्तित्वात आले. केंद्रीय मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ नदीपट्टे प्रदूषित म्हणून निश्चित केले. त्यांतील ५३ महाराष्ट्रातील होते आणि त्यांत इंद्रायणी व पवना या दोन्ही नद्यांचा समावेश होता. मात्र ही वर्गवारी पाण्यातील सेंद्रिय घाणीच्या मोजमापावर आधारलेली होती, धातूंच्या मोजमापावर नव्हे. आळंदीच्या घाटावर तरंगणारा फेस मुख्यतः सांडपाण्याची आणि साबणासारख्या द्रव्यांची साक्ष देतो. फेस दिसला म्हणून धातू आहेत आणि फेस नाही म्हणून धातू नाहीत, असा अर्थ काढता येत नाही.

येथे पाणी शुद्ध करण्याविषयीचा एक व्यापक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात. पण धातू जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांची तीव्रता किंचित वाढते. क्लोरीन किंवा मेडिक्लोर धातूंवर चालत नाही. त्यांच्यासाठी उलट परासरणाची, म्हणजे ‘आर.ओ.’ची पद्धती लागते किंवा मुळात पाण्याचा उद्भवच बदलावा लागतो. याउलट घरात महागडे यंत्र असले, तरी हात न धुता स्वयंपाक केल्यास जीवाणूंचा मार्ग खुलाच राहतो. दोन शत्रूंसाठी दोन निरनिराळी शस्त्रे लागतात. नेहमीच्या पाणीतपासणीत जंतू, क्षार, फ्लोराइड, नायट्रेट यांवर भर असतो. कारखान्याशेजारच्या गावाने नमुना पाठविताना ग्रामपंचायतीमार्फत धातूंच्या तपासणीची स्वतंत्रपणे मागणी करणे श्रेयस्कर.

कारखान्यात आणि घरात

शिशाचा सर्वाधिक संबंध येतो तो कामगारांशी. जुन्या बॅटऱ्या फोडणे, शिसे वितळविणे, रंगकाम आणि काही ओतकामे यांत शिशाची धूळ व वाफ उडते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने शिशाची विषबाधा अधिसूचनीय रोगांत गणली होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्यविषयक संहितेतही तिचे स्थान कायम आहे. म्हणजे असा रोगी आढळल्यास डॉक्टरने तो शासनाला कळविणे बंधनकारक आहे. कामगाराने आपल्या रक्ततपासणीचा अहवाल मागून घ्यावा, कामाच्या जागी खाणेपिणे व तंबाखू टाळावी आणि अंगावरचे कपडे घरी न नेता तेथेच बदलावेत. बापाच्या कपड्यांवरून आलेली धूळ घरातील रांगत्या मुलाच्या पोटात जाते, हे अनेक देशांत दिसून आले आहे.

घरातही काही पथ्ये पाळण्याजोगी आहेत. पितळी भांड्यांना कल्हई करताना शुद्ध कथील वापरले जाते की शिसेमिश्रित, याची खात्री करावी. आंबट पदार्थ अशा भांड्यात साठवू नयेत. सुटी, भडक पिवळी हळद टाळावी. हळदीचा रंग खुलविण्यासाठी शिशाचे क्रोमेट मिसळण्याचा गैरप्रकार बांगलादेशात २०१९ साली तपासलेल्या बाजारांतील ४७ टक्के नमुन्यांत आढळला होता. शासनाने धाडी घातल्या, दंड केले, लोकशिक्षण केले आणि २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. धातूंमिश्रित रसौषधी केवळ जाहिरात पाहून घेऊ नयेत. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या अशा ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले होते. घराच्या रंगांतील शिशावर भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांस ९० भाग एवढी मर्यादा आहे. परंतु जुन्या भिंती व खिडक्या खरवडताना उडणारी धूळ अद्याप धोक्याची आहे. पेट्रोलमधील शिसे देशातून २००० साली हद्दपार झाले. तोपर्यंत घाटमार्गाच्या कडेला जमलेले शिसे मातीच्या वरच्या थरात टिकून राहू शकते. म्हणून रस्त्यालगत पिकविलेली पालेभाजी नीट धुऊनच वापरणे इष्ट.

आहार हेही एक संरक्षक कवच आहे. लोह व कॅल्शियम पुरेसे मिळालेल्या शरीरात शिसे कमी शोषले जाते. मावळच्या डोंगरउतारावर पिकणारी नाचणी कॅल्शियमने समृद्ध आहे. तिच्या जोडीला डाळी, पालेभाज्या, आवळा आणि लिंबू असल्यास लोहही अंगी लागते. स्त्रियांतील रक्तक्षयावर वेळीच उपचार करणे म्हणजे धातूंचा एक दरवाजा बंद करणेच होय.

वेळ गमावू नये

जठराचा कर्करोग आरंभी फारसा बोलत नाही. पोटात जळजळ, थोडे खाल्ल्यावर पोट भरल्यासारखे वाटणे, मळमळ अशी त्याची लक्षणे आम्लपित्तासारखीच असतात. दुकानातून आम्लपित्ताची गोळी आणून महिनोन्महिने घेतली जाते, तात्पुरता आराम पडतो आणि रोग मात्र आत वाढत राहतो. वजन विनाकारण घटणे, शौचास डांबरासारखे काळे होणे, वारंवार उलटी किंवा रक्ताची उलटी, घास गिळताना अडचण, वाढता रक्तक्षय आणि न हटणारी पोटदुखी यांपैकी काहीही आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात तात्काळ दाखवावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने दुर्बिणीद्वारे जठराची तपासणी करून घ्यावी. ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना हा रोग झाला आहे, त्यांनी अधिक दक्ष राहावे. हेलिकोबॅक्टरचा संसर्ग निघाल्यास साधारण दोन आठवड्यांच्या औषधांनी तो घालविता येतो. मात्र औषधे अर्धवट सोडू नयेत. तैवानमधील मात्सू बेटांवर २००४ पासून सर्व प्रौढांची तपासणी करून हा संसर्ग हटविण्याची मोहीम राबविली गेली आणि तेथे जठराच्या कर्करोगाचे प्रमाण निम्म्यावर आले. आपल्याकडे कर्करोगावरील शस्त्रक्रिया व उपचार यांचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. खर्चाच्या धास्तीने तपासणी लांबविण्याचे कारण नाही.

सारांश, जड धातू आणि जठराचा कर्करोग यांचा संबंध शक्य कोटीतील आहे. शिशाच्या बाबतीत तो बराच संभाव्य आहे, क्रोमियमच्या बाबतीत वादग्रस्त आहे आणि कॅडमियमच्या बाबतीत दुबळा आहे. परंतु या धातूंना पाण्यातून, भातातून व रक्तातून दूर ठेवण्यासाठी कर्करोगाचा अंतिम पुरावा हाती येण्याची गरज नाही. बालकांचा मेंदू, प्रौढांची मूत्रपिंडे आणि वृद्धांची हाडे यांची त्यांच्याकडून होणारी हानी पुरेशी सिद्ध झालेली आहे. पेट्रोलमधील शिसे गेले, रंगातील शिशावर बंधन आले. ही कामे नियम, तपासणी आणि जागरूक जनता यांच्या मेळातून घडली. कुरवंड्याच्या डोंगरात निर्मळ जन्मणारी इंद्रायणी पुढच्या गावांपर्यंत तशीच निर्मळ पोहोचावी, हे कामही त्याच मार्गाने साध्य होणारे आहे. त्याची सुरुवात गावच्या विहिरीच्या नमुन्यापासून, कारखान्यातील रक्ततपासणीच्या कागदापासून आणि बाजूला ठेवलेल्या विडीपासून करता येईल.